आईचा पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपतोय आणि ती आठ महिने पुण्यात आहे. ग्रीन कार्डाचं काय?

एडिसनची_लेक | ११ जुलै २०२५

नमस्कार. प्रश्न आईचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई ७४ वर्षांची. बाबा गेल्यावर ती एकटी पडली. मी अमेरिकेची नागरिक झालेच होते, मग तिच्यासाठी अर्ज केला आणि २०१७ मध्ये तिला ग्रीन कार्ड मिळालं. तेव्हापासून उन्हाळा आमच्याकडे न्यू जर्सीत आणि थंडी कोथरूडच्या घरी, असं तिचं चालू आहे. पाच महिन्यांच्या आत परत यायचं, हे तिने स्वतःच ठरवून घेतलेलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात परतीच्या तारखेला लाल पेनाने गोल करून ठेवते.

या वेळी ती ९ नोव्हेंबर २०२४ ला गेली. परतीचं तिकीट २९ मार्चचं होतं. १८ फेब्रुवारीला पहाटे बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मी सहा आठवडे जाऊन राहिले, मग नोकरीसाठी परतावं लागलं. आता मामी येऊन-जाऊन असते आणि दिवसभरासाठी एक बाई ठेवली आहे. वॉकर सुटला, काठी आली. पण डॉक्टर म्हणतात, पंधरा-सोळा तास एका जागी बसायचा प्रवास सप्टेंबर संपेपर्यंत नको, पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते.

या सगळ्या धावपळीत तिच्या पासपोर्टकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. परवा मामीने कपाटातली फाईल काढली तेव्हा कळलं, तो २२ ऑगस्टला संपतोय.

आता जो तो वेगळं सांगतोय. एक ट्रॅव्हल एजंट म्हणाला, नवीन पासपोर्ट काढला की ग्रीन कार्ड त्याच्यावर "ट्रान्सफर" करावं लागतं, त्याला तीन महिने लागतात. सोसायटीतले एक काका म्हणाले, सहा महिने उलटले म्हणजे कार्ड रद्दच झालं. आईचं म्हणणं, कार्डावर २०२७ लिहिलंय, मग तोवर काय भीती? आणि आणखी एक जण म्हणतो, तो पुण्यात बसून री-एन्ट्री परमिट (जास्त दिवस बाहेर राहूनही परत येता यावं यासाठीचा अमेरिकेचा परवाना) काढून देईल, वीस हजार आगाऊ द्या.

मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचतेय आणि गोंधळ वाढतच चाललाय. पासपोर्ट पुण्यातच काढायचा का? त्यात पत्ता पुण्याचा पडला, तर ती अमेरिकेत राहते हे खोटं ठरेल का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

---

प्लेनोची_काकू | ११ जुलै २०२५

त्या वीस हजारवाल्याला आजच नाही म्हणून सांगा. री-एन्ट्री परमिटचा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-१३१, भरताना माणूस अमेरिकेच्या भूमीवर असावा लागतो. बोटांचे ठसेही इथेच द्यावे लागतात. पुण्यात बसून तो कुणालाच काढून देता येत नाही. तो एक तर तुम्हाला फसवतोय, नाही तर आई अमेरिकेत आहे असं खोटं लिहून अर्ज पाठवणार आहे, आणि तसं झालं तर आईचं नुकसान होईल.

आता बाकीचं.

पासपोर्ट भारत सरकारचा आणि ग्रीन कार्ड अमेरिकेचं. कार्डावर पासपोर्टचा नंबरसुद्धा नसतो, त्यामुळे ट्रान्सफर वगैरे काही प्रकारच नाही. पासपोर्ट खुशाल पुण्यात काढा. मुदत संपायला एक वर्ष उरलं की नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, तेव्हा तुम्ही मुदतीतच आहात. पासपोर्ट सेवाच्या साइटवर "री-इश्यू" निवडा, कारण "मुदत संपत आहे". ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. तुम्हाला तत्काळची गरज दिसत नाही. केंद्र मुंढव्याला आहे, कोथरूडहून गाडी करून न्या. जुना पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स लागतील.

पत्ता पुण्याचाच द्या. ती आत्ता तिथेच आहे आणि आधारवर तोच पत्ता आहे. पोलीस व्हेरिफिकेशनला माणूस आला तर तिथेच सापडायला हवी. अमेरिकेत घर आहे की नाही, हे तिकडचे अधिकारी भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावरून ठरवत नाहीत.

जुना पासपोर्ट कोपरा कापून परत देतात, तो मागून घ्या आणि जपा. २०१७ चा पहिला इमिग्रंट व्हिसा आणि शिक्का त्यातच असणार. पुढे कधी नागरिकत्वाचा अर्ज केलात, तर पाच वर्षांतला प्रत्येक प्रवास तारखेनिशी लिहावा लागतो. त्या तारखा त्या जुन्या पानांवरच मिळतात.

म्हणजे पासपोर्टचं काम सोपं आहे. खरी काळजी दिवसांची, आणि ती मी जरा सविस्तर सांगते, कारण आम्ही त्यात भाजलो आहोत.

कार्डावरची २०२७ ही तारीख त्या प्लास्टिकच्या कार्डाची आहे. रहिवासाचा हक्क टिकतो तो तुम्ही अमेरिकेला घर मानता की नाही यावर, आणि ते जोखताना पहिल्यांदा दिवस मोजतात. १८० दिवसांपर्यंत सहसा फार विचारत नाहीत. १८० च्या पुढे गेलात की परतताना तुम्ही नव्याने प्रवेश मागताय असं धरून चौकशी करता येते. कार्ड रद्द होत नाही, सोसायटीतल्या काकांचं तेवढं चुकलं. पण उत्तरं तयार हवीत. आणि एक वर्ष उलटलं की नुसतं कार्ड दाखवून परत येता येत नाही. विमान कंपनीसुद्धा अडवू शकते.

तेव्हा तुमची खरी तारीख २२ ऑगस्ट नाही. ती ८ नोव्हेंबर २०२५ आहे. त्याच्या आत आई नेवार्कला उतरली पाहिजे.

आमच्या सासूबाईंची ती तारीख चुकली. त्या जानेवारी २०२० मध्ये प्लेनोहून साताऱ्याला गेल्या. एप्रिलचं परतीचं तिकीट होतं. मार्चमध्ये विमानं बंद झाली. ती सुरू होईपर्यंत सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना सोडून त्या कशा येणार होत्या? आम्हीही "या" म्हटलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये सासरे गेले, मग दिवस-कार्य. सगळं उरकून पाहिलं तर पंधरा महिने होऊन गेले होते.

मग एसबी-१ व्हिसाचा रस्ता धरला. परतणाऱ्या रहिवाशांचा व्हिसा, फॉर्म डीएस-११७. मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत जावं लागतं. तिथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: गेलात तेव्हा तुम्ही खरंच रहिवासी होतात, जाताना परत यायचंच मनात होतं, आणि राहणं लांबलं ते तुमच्या हातात नसलेल्या कारणाने. आता नुसत्या या अर्जाची फी १८० डॉलर आहे. तो मंजूर झाला की पुन्हा इमिग्रंट व्हिसाची फी, पुन्हा मेडिकल, म्हणजे पहिल्यापासून सगळं.

तिथल्या बाईंनी सासूबाईंना विचारलं, "तुमचा परत जायचा विचार होता हे मी कशावरून मानू?" हॉस्पिटलच्या कागदांची ही एवढी जाड फाईल आम्ही नेली होती. पण उपयोगी पडलं ते एकच पान. एप्रिल २०२० चं रद्द झालेलं तिकीट. ते मी ई-मेलमधून खोदून काढून छापलं होतं, तेही शेवटच्या रात्री. सात महिने गेले सगळ्याला. त्यांना मिळाला, पण सगळ्यांना मिळतोच असं नाही.

म्हणून सांगते, २९ मार्चचं ते तिकीट आणि ते रद्द केल्याचा ई-मेल आजच्या आज छापून ठेवा. सोबत डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची तारीख, आणि डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र. प्रवासाला बंदी कधीपासून कधीपर्यंत, हे त्यात तारखांसह हवं. नुसतं "विश्रांतीचा सल्ला दिला आहे" एवढ्याने भागत नाही.

---

एडिसनची_लेक | १२ जुलै २०२५

काकू, तुमचं लिहिलेलं मी आईला फोनवर वाचून दाखवलं. सासूबाईंचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिकीट आहे माझ्याकडे, पर्समध्येच आहे." कागदावर छापलेलं. मीच पाठवलं होतं, तिने टाकलं नव्हतं.

वीस हजारवाल्याला नाही सांगितलं.

विमानतळावर नक्की काय विचारतात? आईला इंग्रजी समजतं, पण घाबरली की शब्द सुचत नाहीत. एका कुटुंबाबद्दल ऐकलं की आजींना आत नेऊन तासभर बसवलं आणि एका कागदावर सही करायला सांगितली. ते ऐकल्यापासून झोप उडाली आहे.

---

प्लेनोची_काकू | १२ जुलै २०२५

तो कागद बहुतेक आय-४०७. "मी माझा रहिवासाचा हक्क स्वेच्छेने सोडत आहे" असा त्याचा अर्थ. स्वेच्छेने हा शब्द आईला मराठीत समजावून सांगा. ती सही कुणी सक्तीने घेऊ शकत नाही. नाही म्हटलं तर ते इमिग्रेशन न्यायाधीशापुढे हजर राहायची नोटीस देऊ शकतात. ऐकायला भीती वाटते, पण हक्क गेला की नाही हे मग न्यायाधीश ठरवतो, खिडकीवरचा अधिकारी नाही. सही केलीत तर ती संधीच आपल्या हाताने घालवल्यासारखं होतं.

आईने एक वाक्य पाठ करावं: "मला दुभाषा हवा, मी सही करणार नाही." इंग्रजीत लिहून तिच्या पर्समध्ये ठेवा, त्याच तिकिटाशेजारी. आणि जमलं तर तुम्ही स्वतः जाऊन तिला घेऊन या.

---

शिकागोचा_करसल्लागार | १३ जुलै २०२५

टॅक्सबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे दरवर्षी अशी दोन-चार मंडळी येतात आणि बहुतेकांची चूक एकच असते.

ग्रीन कार्ड असलेली व्यक्ती कुठेही राहत असो, करापुरती अमेरिकेच्या लेखी रहिवासीच असते आणि तिचं जगभरातलं उत्पन्न टॅक्स रिटर्नच्या १०४० फॉर्मवर दाखवायचं असतं. काही लोक "या वर्षी आई भारतातच होती" म्हणून १०४०-एनआर, म्हणजे अनिवासीचा फॉर्म भरतात. असं करू नका. आपण इथले रहिवासी नाही, असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. पुढे तोच कागद तुमच्या विरोधात निघू शकतो.

दुसरं, आईच्या पुण्यातल्या मुदत ठेवी. सगळ्या परदेशी खात्यांची मिळून रक्कम वर्षात एखादा दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. मुदत १५ एप्रिल, न भरल्यास आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. सेवानिवृत्त माणसाच्या ठेवी सहज त्या आकड्याच्या वर जातात आणि घरच्यांना पत्ताही नसतो. त्या ठेवींवरचं व्याजही १०४० वर दाखवावं लागतं, भारतात टीडीएस कापला असला तरी. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते.

नीट भरलेलं रिटर्न हा रहिवासाचा चांगला पुरावा असतो. मागच्या तीन वर्षांच्या रिटर्नची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गोषवारे, आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) साइटवरून फुकट मिळतात. ती फाईलमध्ये लावा.

---

हॅरोवाला | १३ जुलै २०२५

नव्या पासपोर्टच्या बाबतीत आमच्याकडे इंग्लंडमध्ये गोष्ट बरोबर उलटी आहे. कुणी ब्रिटनमधून वाचत असेल, तर वरचं वाचून गैरसमज नको, म्हणून लिहितो.

रहिवासाची प्लास्टिकची बीआरपी कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, आता सगळं ई-व्हिसावर. तो तुमच्या पासपोर्टच्या नंबराला जोडलेला असतो. म्हणजे इथे नवीन भारतीय पासपोर्ट आला की यूकेव्हीआय, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या ऑनलाइन खात्यात जाऊन नवा नंबर आपणच टाकायचा. माझ्या बायकोने टाकला नव्हता. मुंबई विमानतळावर चेक-इनला तिचा रहिवास सिस्टिममध्ये दिसेचना. जुना पासपोर्ट सोबत होता म्हणून निभावलं.

आणि आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी असलेल्यांना बाहेर राहायची मुदत सलग दोन वर्षं. त्यापुढे रिटर्निंग रेसिडेंटचा व्हिसा काढावा लागतो.

---

सहकारनगरची_आजी | १५ जुलै २०२५

मी ७९ वर्षांची आहे. नात टाइप करून देते आहे, सांगते आहे मी.

माझ्याकडेही ते कार्ड होतं, नऊ वर्षं. मुलगा सॅन होजेला आहे. दर वर्षी दिवस मोजत जायचं आणि दिवस मोजत यायचं. गौरी बसवल्या की लगेच बॅग भरायची. सून फार चांगली आहे, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दिवसभर घरात मी एकटी, गाडी चालवता येत नाही, बाहेर पडले तर रस्त्यावर माणूस दिसत नाही. मुलाला वाटायचं, आईची सोय केली आहे. मला वाटायचं, त्याने एवढा खर्च केला आहे, तर आपण नाही कसं म्हणायचं. दोघंही एकमेकांसाठी गप्प. चार वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा एकदाचं बोलून टाकलं.

मग तोच आय-४०७ फॉर्म आम्ही घरी बसून, विचार करून भरला आणि कार्डासकट टपालाने पाठवून दिला. पुढे टुरिस्ट व्हिसासाठी बीकेसीला गेले. तिथल्या मुलाने विचारलं, कार्ड का सोडलं? म्हटलं, माझं घर सहकारनगरला आहे. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. आता वाटेल तेव्हा जाते, दोन महिने राहते, नातवंडांना भेटून येते.

ज्या बाईंच्या सासूबाईंना मुंबईच्या चकरा पडल्या, त्यांचं वाचून वाईट वाटलं. त्या तिथे रमल्या असतील तर केलं ते योग्यच. पण एडिसनच्या बाळा, तुझ्या आईला एकदा निवांत विचार. तिला ते कार्ड टिकवायचं आहे का, की तुला टिकवायचं आहे? हाड मोडल्यावर पोरीपासून लांब नको वाटणं आणि तिकडे कायमचं राहावंसं वाटणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

---

एडिसनची_लेक | १६ जुलै २०२५

आजी, तुमचं वाचून मी खूप रडले. आठ वर्षांत मी तिला हे विचारलेलंच नाही.

काल विचारलं. ती म्हणाली, "बाथरूममध्ये पडले तेव्हा दोन तास तशीच पडून होते. कामाची बाई आली तेव्हा दार उघडलं. त्या दोन तासांत मला तुझं घर आठवत होतं." दोन तास. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मामीलाही तिने सांगितलं नव्हतं.

तिला यायचं आहे. पण वर्षातून एकदा पुण्याला जायचं, बाबांच्या श्राद्धाला, हे तिने मागून घेतलं.

---

एडिसनची_लेक | १२ ऑक्टोबर २०२५

पुढे काय झालं ते लिहिते. उद्या दुसरं कुणी हेच शोधत इथे येईल.

पासपोर्ट: २३ जुलैची अपॉइंटमेंट मिळाली. मुंढव्याला मामी घेऊन गेली, व्हीलचेअर दारातच दिली. ए काउंटरवर फोटो आणि ठसे, मग बी, मग सी, सव्वा तासात बाहेर. नऊ दिवसांनी स्पीड पोस्टाने पासपोर्ट घरी. पोलीस व्हेरिफिकेशन नंतर झालं. हवालदार घरी आले आणि आईने त्यांना चहा पाजला. जुना पासपोर्ट कोपरा कापून मिळाला, तो माझ्याकडे आहे.

मी २० सप्टेंबरला पुण्याला गेले. डॉक्टरांचं पत्र पहिल्यांदा दोन ओळींचं आलं होतं. काकूंनी लिहिलं होतं ते दाखवून पुन्हा मागितलं: १८ फेब्रुवारीला ऑपरेशन, ३० सप्टेंबरपर्यंत विमानप्रवास वर्ज्य. त्यांनी अजिबात कुरकुर न करता दिलं. दसऱ्याला घरी सोनं वाटलं आणि ८ ऑक्टोबरच्या रात्री मुंबईहून थेट नेवार्कचं विमान घेतलं. गुठळीसाठीची गोळी, पायात घट्ट मोजे, दर दीड तासाला तिला उठवून चालवलं.

खिडकीवर अधिकाऱ्याने विचारलं, किती दिवस बाहेर होतात? आई म्हणाली, अकरा महिने. मी तिला सांगून ठेवलं होतं, कमी करून सांगायचं नाही. त्याने का विचारल्यावर तिने काठी वर करून दाखवली आणि पर्समधून ते मार्चचं तिकीट काढलं. मग मी फाईल दिली. आम्हाला आतल्या खोलीत नेलं. तिथे चाळीस मिनिटं बसलो. दुसऱ्या अधिकाऱ्याने टॅक्सची ट्रान्सक्रिप्ट पाहिली, डॉक्टरांचं पत्र नीट वाचलं आणि विचारलं, इथे कुठे राहता? आईने आमचा पत्ता घर नंबरासकट, पिन कोडसकट म्हणून दाखवला. त्याने "वेलकम होम" म्हटलं आणि पासपोर्ट परत केला. आय-४०७ कुणी पुढे केला नाही.

नागरिकत्वाचं वकिलाला विचारलं. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यामुळे सलग राहण्यात खंड पडला असं धरतात. कागदांनी ते खोडून काढता येतं, पण त्यांचा सल्ला आहे की घाई नको, आता जमेल तेवढं इथे राहून मग अर्ज करा. श्राद्धाला जाणं तीन-चार आठवड्यांचंच असणार. तरी पुन्हा असं काही झालं तर हाताशी असावं म्हणून री-एन्ट्री परमिटचा आय-१३१ भरतोय, फी ६३० डॉलर. तो दोन वर्षं चालतो. ठशांची तारीख येईपर्यंत ती इथेच आहे. परमिट घेतला तरी नागरिकत्वासाठीचे दिवस त्याने वाचत नाहीत, हेही वकिलाने बजावून सांगितलं.

शिकागोचे दादा, एफबार काल भरला. ठेवींची बेरीज करताना आईलाच आश्चर्य वाटलं.

आजी, तुमचा फोन नंबर मागायचा धीर होत नाही, पण आईला तुमच्याशी बोलायचं आहे. पुण्याला आली की ती सहकारनगरला येईन म्हणते. बाथरूममध्ये दोन्ही घरी भिंतीला धरायला दांड्या बसवून घेतल्या आहेत. कोथरूडच्या घरी मामीच्या मुलाने कालच बसवल्या आणि फोटो पाठवला.